सीमेपासून लांब, इंदुरात: व्हिसा, एलटीव्ही, नागरिकत्व आणि 'घुसखोर' यांचा गुंता

नोव्हेंबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं आणि इंदूरच्या मराठी घरांत वेगळीच धांदल उडाली. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रासाठी नेमलेले अधिकारी, घरोघर फॉर्म देऊन गेले. 2003 च्या यादीत तुमचं, नाहीतर आईवडिलांचं नाव दाखवा, असं त्यात होतं. पिढ्यान्‌पिढ्या रामबागेत राहिलेल्यांना ते फार जड गेलं नाही. पण जळगाव, पुणे, नागपूरहून सून म्हणून आलेल्यांना माहेरच्या मतदारसंघाची जुनी यादी उघडून वडिलांचं नाव शोधावं लागलं. वडील कधीच गेलेले, जुना वाडा पाडून तिथे फ्लॅट उभे, मतदान केंद्र कोणतं होतं ते भावालाही आठवत नाही, आणि नाव सापडलंच तर 'दत्तात्रय'चं 'दत्ताराम' झालेलं. "आम्ही काय बांगलादेशी आहोत का?" हा त्रागा त्या दिवसांत बऱ्याच घरांत ऐकू आला.

त्रागा रास्त आहे, पण त्यात बऱ्याच गोष्टींची सरमिसळ आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. 1 सप्टेंबरपासून परदेशी लोकांबद्दलचा नवा कायदा लागू झाला. 'घुसखोर' हा शब्द प्रचारसभांत रोजचा झाला. मतदार यादी, व्हिसा, सीएए (नागरिकत्व कायद्यातली 2019 ची दुरुस्ती), घुसखोरी हे सगळं लोकांच्या डोक्यात एकाच पिशवीत कोंबलं गेलंय. ती पिशवी रिकामी करून एकेक वस्तू वेगळी ठेवायची, एवढंच इथे करायचं आहे.

आत येणं, राहणं आणि आपलं होणं

एखाद्या जुन्या वाड्याचा विचार करा. दिंडी दरवाजातून कुणाला आत घ्यायचं हा एक प्रश्न. आत आलेल्याला खोली द्यायची का, किती दिवस आणि कोणत्या अटींवर, हा दुसरा. आणि वाड्याच्या कागदावर हिस्सेदार म्हणून त्याचं नाव चढवायचं का, हा तिसरा. व्हिसा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, राहण्याचा परवाना दुसऱ्याचं आणि नागरिकत्व तिसऱ्याचं. राजकीय भाषणांत या तिन्हींची खिचडी होते. 'आत घेतलं' म्हणजे 'हिस्सा दिला' असं एक बाजू समजते आणि 'हिस्सा नाकारला' म्हणजे 'हाकलून दिलं' असं दुसरी.

अर्थात वाड्यात भाडेकरू कितीही वर्षं राहिला तरी आपोआप मालक होत नाही. देशात मात्र कायदाच ती वाट ठेवतो. भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्यात जन्म, वंश, नोंदणी आणि देशीयकरण हे मुख्य मार्ग आहेत. देशीयकरण म्हणजे परदेशी माणसानं ठरावीक वर्षं इथे कायदेशीर राहून, शपथ घेऊन नागरिक होणं. त्यासाठी साधारण बारा वर्षांचा रहिवास लागतो. नोंदणीचा मार्ग मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांसाठी आहे आणि त्यांच्यासाठी तो सात वर्षांचा आहे.

यात बसत नाही असा एक माणूस उरतो: निर्वासित. जीव वाचवायला आलेला, हातात कागद असेल-नसेल. भारतानं 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे तिबेटी, श्रीलंकेचे तमिळ, पाकिस्तानचे हिंदू, रोहिंग्या या प्रत्येकाशी सरकारनं त्या-त्या वेळच्या आदेशांनी वेगळा व्यवहार केला आहे. आजचे निम्मे वाद या रिकाम्या जागेतून येतात, असं माझं मत आहे.

ही रेघ कागदावर कधी उतरली?

फाळणी ऑगस्ट 1947 मध्ये झाली, पण दोन देशांत जा-ये करायला कागद लागू लागला तो त्यानंतर वर्षभरानं. पश्चिम पाकिस्तानातून येण्यासाठी परवान्याची पद्धत 19 जुलै 1948 पासून सुरू झाली. संविधानाच्या सहाव्या कलमात ही तारीख आजही आहे: तिच्या आधी येऊन इथे राहिलेला माणूस नागरिक, नंतर आलेल्यानं अधिकाऱ्यापुढे नोंदणी करायची. दोन्ही देशांतल्या प्रवासासाठी पासपोर्ट लागू लागला ऑक्टोबर 1952 मध्ये. तारखेच्या अलीकडचा आत आणि पलीकडचा बाहेर, हा प्रकार काही सीएएनं शोधून काढलेला नाही. प्रजासत्ताकाच्या पायातच तो आहे.

सिंधची गोष्ट इथे वेगळी निघते. पंजाब आणि बंगाल कापले गेले, निम्मा भाग इकडे राहिला. सिंध अख्खा तिकडे गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना भारतात आपला म्हणावा असा प्रांत उरला नाही. ते कराचीहून बोटीनं मुंबईला आले, राजस्थानच्या वाळवंटातून रेल्वेनं आले आणि उल्हासनगर, अजमेर, इंदूर अशा गावांत विखुरले. इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये कापडाचा ठोक धंदा करणारी कितीतरी घराणी त्यांचीच. होळकरांच्या या शहरात मराठी माणूसही बाहेरूनच आला, फक्त दोनेकशे वर्षं आधी. तेव्हा व्हिसा नव्हता, इतकाच फरक.

सगळे सिंधी मात्र 1947-48 मध्ये आले नाहीत. मागे राहिलेली कुटुंबं त्यानंतरही येत राहिली, आजही येतात. 2006 मध्ये जोधपूर ते कराची थार एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हा ही वाट सोपी झाली. ऑगस्ट 2019 मध्ये ती गाडी बंद पडली.

इंदुरातली प्लॅस्टिकची फाइल

उशिरा आलेल्या अशा कुटुंबाकडे एक जाड प्लॅस्टिकची फाइल असते. आमच्या ओळखीतल्या एका सिंधी काकांची मी उलटून पाहिली आहे. हिरवा पाकिस्तानी पासपोर्ट, त्यावर भारतात आल्याचा शिक्का, राहण्याचा परवाना, भाडेचिठ्ठी, विजेचं बिल, जामीन राहिलेल्या इंदूरकर नातलगाचं शपथपत्र, पोलीस पडताळणीची पावती आणि प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. घरात दागिने कुठे आहेत ते विचारलं तर काकू क्षणभर आठवतील, फाइल कुठे आहे ते झोपेतही सांगतील.

या फाइलचा गाभा म्हणजे एलटीव्ही, अर्थात दीर्घ मुदतीचा व्हिसा. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातले अल्पसंख्याक आणि भारतीयाशी लग्न झालेल्या काही स्त्रिया यांना इथे वर्षानुवर्षं राहता यावं म्हणून तो दिला जातो. मुदत संपली की वाढवून घ्यावा लागतो. एलटीव्ही असलेला माणूस परदेशीच असतो. तो मत देऊ शकत नाही, सरकारी नोकरी करू शकत नाही. जुलै 2016 मध्ये केंद्र सरकारनं अशा अल्पसंख्याकांना काही सवलती दिल्या: बँकेत खातं उघडणं, पॅन आणि आधार काढणं, वाहन चालवण्याचा परवाना, स्वतःला राहण्यापुरतं छोटं घर घेणं, राज्यात मोकळेपणी फिरणं. नागरिकत्वाच्या अर्जाचं शुल्क हजारांतून 100 रुपयांवर आणलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणखी एक बदल झाला आणि माझ्या मते तो भाषणांतल्या सगळ्या गर्जनांपेक्षा मोलाचा होता. तोवर नागरिकत्वाचे अर्ज दिल्लीपर्यंत जायचे आणि तिथे पडून राहायचे. देशातल्या 16 जिल्ह्यांच्या कलेक्टरांना या अर्जांवर निर्णय घेण्याचा अधिकार मिळाला. मध्य प्रदेशातले त्यात दोन जिल्हे होते, भोपाळ आणि इंदूर. म्हणजे काकांसाठी देशाची खरी सीमा अटारीला नव्हती, ती कलेक्टर कचेरीतल्या एका टेबलावर होती.

आता एक खोच पाहा. नोंदणीचा सात वर्षांचा मार्ग 'भारतीय वंशा'च्या माणसासाठी आहे. कायद्यात त्याचा अर्थ असा की तो स्वतः किंवा त्याच्या आईवडिलांपैकी कुणीतरी अखंड भारतात जन्मलेलं असलं पाहिजे. काकांचे वडील 1947 च्या आधी सिंधमध्ये जन्मले, त्यामुळे काका बसतात. पण काकांचा मुलगा सिंधमध्ये जन्मला, त्याचे आईवडील दोघंही फाळणीनंतरचे. तो या व्याख्येतून बाहेर. तीच आजी, तेच घर, तीच बोली, पण स्वतःच्या बळावर अर्ज करायचा तर मुलाला बारा वर्षांच्या देशीयकरणाची वाट. पिढी पुढे सरकते तसा 'भारतीय वंश' कायद्याच्या नजरेत विरत जातो.

पहलगामनंतरचा आठवडा

22 एप्रिल 2025 ला पहलगाममध्ये 26 जणांचा बळी गेला. दोन दिवसांत सरकारनं जाहीर केलं की पाकिस्तानी नागरिकांना दिलेले व्हिसा 27 एप्रिलपासून रद्द, वैद्यकीय व्हिसा 29 एप्रिलपर्यंतच चालतील. अटारीचं ठाणं बंद झालं. पाकिस्तानी हिंदूंना दिलेले एलटीव्ही मात्र कायम राहतील, असा खुलासाही आला.

'सगळे पाकिस्तानी परत गेले' किंवा 'हिंदूंनाही हाकललं' या दोन्ही अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच वेळी फिरत होत्या. फरक पडत होता तो कागदाच्या प्रकारानं. एकाच घरात एलटीव्ही मिळालेला थोरला भाऊ निर्धास्त, आणि भेटीच्या व्हिसावर येऊन एलटीव्हीच्या अर्जाच्या बेतात असलेला धाकटा टांगणीला, असं घडू शकत होतं. दोघांचा धर्म एक, गाव एक, रक्त एक.

सुरक्षेसाठी व्हिसा रद्द करणं हा कुठल्याही सरकारचा अधिकार आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. व्हिसा ही परवानगी असते, हक्क नसतो. प्रश्न येतो तो परवानगीच्या जोरावर आयुष्य मांडून बसलेल्यांचा.

सीएए नक्की काय करतो, काय करत नाही

2003 च्या दुरुस्तीनं नागरिकत्व कायद्यात एक दार पक्कं बंद झालं. 'बेकायदा स्थलांतरित', म्हणजे वैध कागदांशिवाय आलेला किंवा मुदत संपून राहिलेला माणूस, नोंदणीनं किंवा देशीयकरणानं कधीच नागरिक होऊ शकत नाही. सीएए या बंद दाराला एक फट पाडतो. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या तीन देशांतून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना बेकायदा स्थलांतरित मानायचं नाही, आणि रहिवासाची अट अकरा वर्षांऐवजी पाच वर्षांची (अर्जाआधीचं सलग एक वर्ष वेगळं, म्हणून वर बारा म्हटलं). कायदा डिसेंबर 2019 मध्ये झाला, नियम यायला 11 मार्च 2024 उजाडलं. पहिली 14 प्रमाणपत्रं मे 2024 मध्ये दिल्लीत दिली गेली.

नियमांत एक गंमत आहे. अर्ज ऑनलाइन, पण कागद तपासणाऱ्या जिल्हा समितीचा प्रमुख टपाल खात्याचा अधिकारी, आणि अंतिम निर्णय घेणाऱ्या समितीचा प्रमुख जनगणना खात्याचा संचालक. कलेक्टर, म्हणजे राज्य सरकारची माणसं, बाजूला. काही राज्य सरकारांनी 'आम्ही सीएए लागू करणार नाही' असं जाहीर केलं होतं, त्याला हे उत्तर होतं हे उघड आहे.

कागदांच्या बाबतीत हे नियम बरेच सैल आहेत. मुदत संपलेला पासपोर्टही चालतो. पाकिस्तानातला शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, आईवडील-आजोबा तिथले होते हे दाखवणारा कागदही चालतो. शिवाय संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा यायला हवी. सिंधी त्यात 1967 मध्ये आली, त्यामुळे इंदूरच्या अर्जदारांना ही अट फुकटातच पार होते.

आणि सीएए काय करत नाही? तो कुणाही भारतीयाचं नागरिकत्व काढत नाही. तो 2015 पासून पुढे आलेल्यांना काहीही देत नाही. काकांचं कुटुंब 2013 मध्ये आलं असेल तर एक नियम, 2016 मध्ये आलं असेल तर पुन्हा जुनी लांब वाट. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारनं आणखी एक सूट दिली: याच सहा समाजांचे 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेले लोक कागदांअभावी दंड किंवा तुरुंगाला पात्र ठरणार नाहीत. बऱ्याच बातम्यांत याचा अर्थ 'सीएएची तारीख दहा वर्षं पुढे गेली' असा लावला गेला. तो चुकीचा आहे. 2024 पर्यंत आलेल्याला राहू दिलं जाईल, पण पाच वर्षांत नागरिकत्वाचा फायदा 2014 पर्यंतच्यालाच. राहणं वेगळं आणि आपलं होणं वेगळं, ते इथे नेमकं दिसतं.

"पण धर्म पाहून का?"

सरकारचं म्हणणं असं: हे तीन देश इस्लामला राजधर्म मानतात, तिथे छळ होतो तो बिगरमुस्लिमांचा, आणि त्यांना जायला दुसरा देश नाही. विरोधकांचं म्हणणं असं: छळ पाकिस्तानातल्या अहमदिया पंथाचाही होतो, अफगाणिस्तानातल्या हजारा समाजाचाही होतो. श्रीलंकेचे तमिळ आणि म्यानमारचे रोहिंग्या यात का नाहीत? आणि संविधानाचं चौदावं कलम कायद्यापुढे समानतेचं वचन 'नागरिकाला' देत नाही, 'कोणत्याही व्यक्तीला' देतं. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात दोनशेहून जास्त याचिका दाखल झाल्या.

मला स्वतःला दोन्हीतलं अर्धं-अर्धं पटतं. सिंधी कुटुंबांना मिळालेला दिलासा खरा आहे आणि तो नाकारायला कुणाही शेजाऱ्याची जीभ रेटणार नाही. पण 'छळ झाला का' हे तपासण्याऐवजी 'कुठल्या यादीतला आहे' हे तपासलं की निर्वासितांचा कायदा करण्याची कटकट टळते, आणि ती टाळलेली कटकट पुन्हा-पुन्हा न्यायालयाच्या दारात येऊन उभी राहते. आसाममधला विरोध तर तिसऱ्याच कारणाचा आहे. तिथल्या लोकांना बाहेरून आलेला हिंदूही नको आणि मुस्लिमही नको, कारण प्रश्न भाषेचा आणि जमिनीचा आहे.

नवा कायदा: जुन्या चार बाटल्या, एक नवी

आव्रजन म्हणजे परदेशातून येण्या-जाण्याचं नियंत्रण. 2025 चा आव्रजन आणि परदेशी नागरिक कायदा 1 सप्टेंबर 2025 ला लागू झाला आणि चार जुने कायदे गेले: 1920 चा पासपोर्ट प्रवेश कायदा, 1939 चा नोंदणी कायदा, 1946 चा परदेशी नागरिक कायदा आणि प्रवासी आणणाऱ्या कंपन्यांबद्दलचा 2000 चा कायदा. पहिले तीन इंग्रजांचे. ते बदलायला हवेच होते.

शिक्षा वाढल्या. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय आत आलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी दंडाची मर्यादा 50,000 होती. खोटे कागद वापरले तर दोन ते सात वर्षं कैद आणि एक ते दहा लाख दंड. मुदत संपून राहिलं तर तीन वर्षांपर्यंत. हॉटेलांना परदेशी पाहुण्याची खबर द्यावी लागायचीच, आता विद्यापीठं आणि रुग्णालयं यांच्यावरही ती जबाबदारी कायद्यानं आली. इंदुरात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांना खोली भाड्यानं देणाऱ्या घरमालकांनीही हे लक्षात ठेवावं. 'ओळखीतला मुलगा आहे' हे कारण चालत नाही.

लोकसभेत चर्चेच्या वेळी हा देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, असं गृहमंत्री अमित शहा म्हणाले. टाळ्या त्या वाक्याला पडल्या. विरोधकांची मागणी विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे पाठवण्याची होती आणि त्यांचा महत्त्वाचा आक्षेप बातम्यांच्या तळाशी गेला: कुणाला आत घ्यायचं याबद्दल आव्रजन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम, त्यावर अपिलाची सोय कायद्यात नाही. नगरपालिकेच्या मालमत्ता करावर अपील करता येतं आणि इथे नाही, हे मला खटकतं. बाजूनं बोलणारे म्हणतात की जगात सगळीकडे विमानतळावरच्या अधिकाऱ्याला असाच अधिकार असतो आणि उच्च न्यायालयाचं दार उघडं आहेच. आहे, पण ज्याला पुढच्या विमानानं परत पाठवलं तो उच्च न्यायालयात कधी जाणार?

इंदूरलाही हा अधिकारी भेटतो. जुलै 2019 मध्ये देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून दुबईचं विमान सुरू झालं, त्याबरोबर आव्रजनाचा काउंटर आला. शहराच्या पोटात सीमा आली म्हणा ना.

घुसखोर आहेत तरी किती?

भारत-बांगलादेश सीमा सुमारे 4,096 किलोमीटरची. नद्या, बेटं, शेतं, घरं यांच्यामधून जाणारी. बऱ्याच भागात कुंपण झालंय, काही भागात नदीमुळे किंवा जमिनीच्या वादामुळे झालेलं नाही. तिथून बेकायदा लोक येतात, याबद्दल कुठल्याही पक्षाला शंका नाही. आकड्याबद्दल मात्र सगळा आनंदीआनंद आहे.

2004 मध्ये काँग्रेसच्या सरकारातले गृह राज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी राज्यसभेत 1 कोटी 20 लाख हा आकडा दिला आणि थोड्याच दिवसांत तो भरवशाचा नसल्याचं सांगितलं. 2016 मध्ये भाजपच्या सरकारातले किरण रिजिजू यांनी सुमारे 2 कोटी सांगितले. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनंच सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की असे लोक लपूनछपून येतात, त्यामुळे अचूक आकडा गोळा करणं शक्य नाही. हे तिसरं उत्तर सगळ्यात प्रामाणिक आहे. तुम्हाला कुणी ठामपणे कोटींचा आकडा फेकून मारला तर त्यानं तो कुठून आणला एवढं जरूर विचारा.

मोजायचा एकच मोठा प्रयत्न झाला, तो आसामात. 24 मार्च 1971 पर्यंत आपण किंवा आपले पूर्वज इथे होते हे 3 कोटी 30 लाख लोकांनी कागदांनी दाखवायचं होतं. 31 ऑगस्ट 2019 ला नागरिकांची यादी (एनआरसी) आली आणि 19,06,657 लोक बाहेर राहिले. त्यात हिंदूही पुष्कळ निघाले. मग ज्यांनी ही यादी मागितली होती त्यांनाच ती नकोशी झाली.

सिद्ध कुणी करायचं?

सगळ्या वादाची मेख इथे आहे. चोरीच्या खटल्यात आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. परदेशी असल्याच्या आरोपात उलटं असतं. 'मी परदेशी नाही' हे त्या माणसानं सिद्ध करायचं. 1946 च्या कायद्यात हे होतं, 2025 च्या कायद्यातही आहे. आसामसाठी 1983 मध्ये केलेल्या कायद्यानं ही जबाबदारी सरकारी बाजूवर टाकली होती. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. कारण त्यामुळे घुसखोर शोधणं जवळपास अशक्य झालं होतं.

उलट्या जबाबदारीमागचं तर्कशास्त्र चूक नाही. तुमचा जन्म कुठे झाला हे तुम्हाला माहीत असतं, ठाणेदाराला नाही. अडचण अशी की गरीब माणसाकडे कागद नसतो, आणि असला तर त्यात चूक असते. जुलै 2024 मध्ये आसामातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं याला लगाम घातला. जबाबदारी त्या व्यक्तीवर असली तरी आधी सरकारकडे संशयाला काहीतरी ठोस आधार हवा, कुणालाही उचलून 'सिद्ध कर' म्हणता येणार नाही, आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकावरून कुणाला परदेशी ठरवू नये, असं न्यायालय म्हणालं. 'दत्तात्रय'च्या लेकींनी हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

2025 मध्ये अनेक राज्यांत बांगलादेशी शोधण्याच्या मोहिमा झाल्या. त्यांत बंगाली बोलणारे काही भारतीय मजूरही सापडले. पश्चिम बंगालच्या एका कुटुंबाला दिल्लीहून उचलून थेट बांगलादेशात ढकललं गेलं. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं ती कारवाई रद्द करून त्यांना परत आणायला सांगितलं. कडक धोरण आणि चुकीचा माणूस यांत अंतर ठेवायचं असेल तर ढकलण्याआधी सुनावणी हवी, एवढी साधी मागणी आहे. तिला 'घुसखोरांची बाजू' म्हणणं अतिशयोक्ती होईल.

"मग आधार दाखवलं की झालं ना?" नाही. आधार ओळखीचा आणि पत्त्याचा कागद आहे. तो नागरिकत्वाचा पुरावा नाही असं आधारच्या कायद्यातच लिहिलंय. वर पाहिलंत, एलटीव्हीवरच्या परदेशी माणसालाही आधार मिळतं. मतदार याद्यांच्या कामात आधार ओळखीसाठी घ्या, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2025 मध्ये सांगितलं, नागरिकत्वासाठी नव्हे. मग नागरिकत्वाचा एकमेव कागद कोणता? जन्मानं नागरिक असलेल्या माणसाला तसा एकच कागद सरकार देतच नाही. पासपोर्ट सगळ्यात जवळचा, पण तो बहुतेकांकडे नसतो. जन्मदाखला आणि आईवडिलांचे कागद मिळून गोष्ट सिद्ध होते. म्हणून 2003 ची यादी उघडावी लागली. मतदार यादी दुरुस्त करणं हे निवडणूक आयोगाचं काम आहे आणि मत फक्त नागरिकानं द्यायचं हेही खरं. पण यादीतून नाव गळणं म्हणजे नागरिकत्व जाणं नव्हे. त्या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत.

आपली मुलं तिकडे आणि त्यांची मुलं इथे

इंदूरच्या मराठी घरांना हा विषय दुसऱ्या टोकानंही भिडलाय. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेनं नव्या एच-1बी अर्जांवर 1 लाख डॉलरचं शुल्क लावलं तेव्हा विजयनगरपासून टेक्सासपर्यंत रात्रभर फोन चालले. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी, तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला आपोआप नागरिकत्व नको, असा आदेश काढला आणि त्याला लगेच न्यायालयात आव्हान मिळालं. 'केवढा अन्याय!' असं म्हणणाऱ्या आजी-आजोबांना एक गोष्ट बहुधा माहीत नसते. भारतानं हे दार कधीच लावून घेतलंय. 1 जुलै 1987 च्या आधी इथे जन्मलेलं जवळपास प्रत्येक मूल भारतीय. त्यानंतर आईवडिलांपैकी एक तरी भारतीय हवं. 3 डिसेंबर 2004 पासून एक भारतीय आणि दुसरं बेकायदा स्थलांतरित नसलेलं हवं.

म्हणून एलटीव्हीवरच्या जोडप्याला इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलमध्ये मूल झालं, ते इथल्याच शाळेत गेलं, राजवाड्यावर अनंत चतुर्दशीची झांकी पाहत वाढलं, तरी ते जन्मानं भारतीय ठरत नाही. आईवडिलांना सीएएखाली प्रमाणपत्र मिळालं तर त्यांचं नागरिकत्व भारतात पाऊल ठेवल्याच्या दिवसापासून धरलं जातं, त्यामुळे नंतर इथे झालेल्या मुलाचा दावा भक्कम होतो. 2015 किंवा त्यानंतर आलेल्यांना ती सोय नाही. त्यांनी आधी स्वतः नागरिक व्हायचं आणि मग मुलाची अज्ञान पाल्य म्हणून नोंदणी करायची. ही नोंदणी अठरा पूर्ण होण्याआधीच होते. त्यानंतर मुलाला स्वतःचा वेगळा अर्ज आणि स्वतःची वेगळी फाइल, म्हणून ज्यांची मुलं सोळा-सतरा वर्षांची आहेत अशा पालकांनी आपल्या अर्जाची स्थिती आताच विचारून घ्यावी.